ताईला आठवणारं माथेरान

माझं लग्न झालं तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती आणि नवऱ्याला आधीची दोन मुलं होती. मी मूळची कल्याणची. वडील लवकर गेले, मग आईचं आजारपण काढण्यात माझी लग्नाची वर्षं निघून गेली, आणि त्याचं मला तेव्हा फारसं वाईटही वाटलं नाही. आई गेल्यावर मात्र संध्याकाळी कामावरून परत येऊन स्वतःच कुलूप उघडायचं नको वाटायला लागलं. त्याच सुमारास मावसबहिणीने हे स्थळ आणलं. माणूस डोंबिवलीचा, एमआयडीसीत केमिकल कंपनीत सुपरवायझर, बायको कॅन्सरने गेलेली. "मुलं शहाणी आहेत गं," बहीण म्हणाली. ते खरं निघालं. मुलं इतकी शहाणी होती की मी त्या घरात आल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या बहिणीने, म्हणजे मुलांच्या आत्याने, दोघांना माझ्यापुढे आणून उभं केलं आणि म्हणाली, "आता हिला आई म्हणायचं हं." मुलगी फरशीकडे बघत राहिली. मग मीच म्हणाले, "मावशी म्हटलंत तरी चालेल." धाकट्याने ते लगेच उचललं. मुलीने काहीच उचललं नाही. समोरच्या माणसाला काहीही न म्हणता मराठीत दिवसभर बोलता येतं, हे मला तिच्यामुळे कळलं. "डबा झालाय का?" "उद्या लवकर उठायचंय." "दप्तराची चेन बिघडलीय." तू नाही, तुम्ही नाही, हाक नाही. ती उद्धट मुळीच नव्हती. मी दिलेलं सगळं खायची, ताट उचलून ठेवायची. फक्त माझ्यासाठी तिच्याकडे शब्द नव्हता.

त्यांच्या आईचा फोटो हॉलमध्ये होता. नवरा तिच्याबद्दल कधी बोलायचा नाही. मी सुरुवातीला एकदोनदा विचारलं, तर "चांगली होती" म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. तिचं माहेर ठाण्याला नौपाड्यात, मी जिथे काम करते त्या डोळ्यांच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी त्या इमारतीवरून चालत जायची. का, ते मला नीट सांगता येणार नाही. गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसायचे, तेवढेच.

घरात तिच्याबद्दल बोलायची ती फक्त मुलगी, आणि तेही भावाशी. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असले की आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि भाऊ जेमतेम तीन. त्याने विसरू नये म्हणून ती त्याला सगळं पुन्हा पुन्हा सांगायची. आई कशी हसायची, आई आमटीत गूळ जास्त घालायची, आणि सगळ्यात जास्त माथेरान. माथेरानला आई पांढऱ्या घोड्यावर बसलेली. माकडाने हातातली चिक्की पळवलेली. आणि एक झाड होतं, त्याचं मूळ जमिनीतून वर येऊन बाकासारखं झालेलं. त्याच्यावर बसून आईने तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या. आईने मरून रंगाचा, मोठ्या बटणांचा स्वेटर घातला होता. "आठवतं ना तुला?" ती विचारायची. "हो," धाकटा म्हणायचा. शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका भिंतीपलीकडून ऐकून माहीत व्हावी, तसं मला ते माथेरान माहीत झालं होतं. तो स्वेटरही मी पाहिला होता. तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेला होता आणि तो कप्पा मी आवरत नसे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला नवरा मुलांना म्हणाला, "यंदा सुट्टीत कुठेतरी जाऊ चौघं. बोला, कुठे?"

मुलगी क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "माथेरान."

"महाबळेश्वरला जाऊ की. माथेरान काय, इथंच आहे."

"मला माथेरानलाच जायचंय."

त्याने हॉटेल बुक केलं. पण निघायच्या आदल्या दिवशी कंपनीतून फोन आला. प्लांटचं शटडाऊन पुढे सरकलं होतं आणि त्याची रजा रद्द झाली. मुलगी भरलेली बॅग सोफ्याजवळ ठेवून तिच्या शेजारी बसली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू नेशील का?" मी हो म्हणाले. त्याच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. रजेच्या भानगडीतून सुटला म्हणून असेल, असं मला वाटलं.

डोंबिवलीहून नेरळ लांब नाही. तरी मी माथेरानला कधी गेले नव्हते. शाळेची सहल गेली होती, तेव्हा मला पाठवलं नव्हतं, आणि मोठेपणी एकटीने कुणी माथेरानला जात नाही. नेरळ स्टेशनबाहेरून आम्ही शेअर टॅक्सी केली. घाटात धाकट्याला मळमळायला लागलं. मी त्याला लिंबू हुंगायला दिलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मुलगी आमच्या पुढच्या सीटवर दोन बायकांच्या मध्ये बसून वळणं बघत होती. एकदा मागे वळून तिने भावाला विचारलं, "आठवतंय का रे? इथे पण तू उलटी केलेलीस." त्याने डोळे मिटूनच मान हलवली.

दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात. तिथून पुढे चालायचं, घोडा करायचा नाहीतर छोट्या आगगाडीने जायचं. तिच्या तिकिटाची रांग नाक्यापर्यंत आली होती, म्हणून आम्ही रुळांच्या कडेने चालायला लागलो. लाल मातीची वाट, वर दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या, त्यामुळे दुपार असून ऊन लागत नव्हतं. मुलगी पुढे, तिच्या मागे धाकटा, शेवटी बॅग घेऊन मी. वाट तिला माहीत असल्यासारखी ती चालत होती.

"आम्ही आलेलो तेव्हा मी आणि बाबा चालत आलेलो," ती मागे न बघता सांगत होती. "आई तुला घेऊन घोड्यावर बसलेली. पांढरा घोडा. आठवतो ना?"

"हो. पांढरा होता," धाकटा म्हणाला.

'आम्ही' हा शब्द मी आधीही पुष्कळदा ऐकला होता. पण घरात तो दाराआडून ऐकू यायचा. इथे, मोकळ्या वाटेवर, तो सरळ माझ्यापुढे चालत होता.

वाटेत जुने बंगले लागले. दगडी खांब, त्यावर इंग्रजीत कोरलेली नावं, गंजलेली फाटकं आणि आत पानांनी भरून गेलेले रुंद व्हरांडे. मुलगी प्रत्येक फाटकाशी थांबून नाव वाचायची. एका बंगल्याच्या व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, एकच, बाहेर तोंड करून ठेवलेली. "इथे कोण राहतं?" धाकट्याने विचारलं. "कुणी नाही रे. पूर्वी मुंबईचे श्रीमंत लोक उन्हाळ्यात यायचे," मी म्हणाले. तो म्हणाला, "मग खुर्ची कशाला ठेवलीय?"

हॉटेलात जेवायला बसलो तेव्हा वाढणाऱ्याने मुलीला विचारलं, "भात आणू का? मम्मीला विचार."

"मम्मी नाही," मुलगी शांतपणे म्हणाली.

"मावशी आहे," धाकट्याने लगेच भर घातली.

"बरं, मावशीला विचार," तो हसून म्हणाला आणि भात घेऊन आला. मुलीला त्यात काही वाटलं नाही, ती वस्तुस्थिती सांगत होती. आजूबाजूच्या टेबलांवर मात्र माणसं क्षणभर आमच्याकडे बघत होती असं मला वाटलं. कुणाची तरी बहीण असेल, मुलांना फिरवायला आणलं असेल, असं ठरवून ती परत आपल्या ताटाकडे वळली असतील. मीही तसंच ठरवलं असतं.

दुपारनंतर एको पॉइंटला गेलो. कठड्याशी गर्दी होती. लोक एकमेकांची नावं घेऊन दरीत ओरडत होते आणि समोरच्या कड्यावरून नाव परत आलं की टाळ्या वाजवत होते. धाकट्याने आधी स्वतःचं नाव ओरडलं, मग ताईचं, मग बाबांना हाक मारली. मुलगी ओरडली नाही. कठड्याला हात टेकून ती समोर बघत होती, आणि मला फार भीती वाटली की आता ही कोणाला हाक मारेल. पण तिने मारली नाही.

"मावशी, तू ओरड ना," धाकटा माझा हात ओढायला लागला. "कुणाचं पण नाव घे."

मी कठड्याशी गेले. नाव सुचेना. आईवडील गेलेले. नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं. मुलांची नावं तर घेऊन झाली होती, आणि ती अशी मोठ्याने घ्यायचा मला कितपत हक्क आहे तेही समजेना. मागे लोक वाट बघत होते. शेवटी मी नुसतं "ओ" म्हणाले. तेही इतकं हळू की ते परत आलंच नाही. "ऐकू नाही आलं," धाकटा म्हणाला. आम्ही बाजूला झालो.

तिथून शार्लट तलावाकडे आलो. मुलीला तिचं झाड शोधायचं होतं. "ते वाटेवरच होतं, तलावाच्या आसपास," असं म्हणून ती झाडांची मुळं बघत पुढे पुढे जायला लागली. नजरेच्या टप्प्यातच राहा असं सांगून मी धाकट्याला घेऊन बांधाजवळ बसले. भाजलेलं कणीस आमच्यात अर्धं अर्धं केलं. पाणी संथ होतं आणि त्यात झाडं उलटी दिसत होती. तो बराच वेळ दाणे काढत बसला. खात नव्हता, हातात साठवत होता.

"मावशी, एक सांगू? ताईला नाही सांगायचं."

"नाही सांगणार."

"मला पांढरा घोडा आठवत नाही."

"तू केवढासा होतास. नाही आठवणार."

"माकड पण नाही आठवत." त्याने आणखी एक दाणा काढला. "मला आई पण नाही आठवत."

तो पुढे म्हणाला, "ताई विचारते ना, म्हणून मी हो म्हणतो. नाहीतर ती रडेल. तू बघितलंयस आईला?"

"नाही रे. फोटोत बघितलंय."

"मी पण फोटोतच," तो म्हणाला, आणि मग सगळे दाणे एकदम तोंडात टाकून चावायला लागला. बोलून झाल्यावर त्याला भूक लागली असावी. मी माझं अर्धं कणीसही त्याला दिलं. वाटेवर मुलगी दूरवर वाकून एका झाडाचा बुंधा बघत होती. ती परत आली तेव्हा कणीस संपलं होतं. तिला झाड सापडलं नव्हतं. "उद्या बघू," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूला असेल."

हॉटेलवर आल्यावर मुलं टीव्ही लावून बसली. बाहेर दिवेलागण होत होती. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात फोनला रेंज येत होती, तिथे उभी राहून मी नवऱ्याला फोन लावला. तो अजून कंपनीतच होता. मुलं जेवली का, पडली नाहीत ना, हे विचारून झाल्यावर मी म्हणाले, "ती ते झाड शोधतेय. ज्याच्यावर बसून वेण्या घातल्या ते. दुपारभर शोधलं. कुठल्या पॉइंटच्या वाटेवर होतं, तुम्हाला आठवतंय का?"

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग तो कमी झाला. नवरा बाहेर आला असावा.

"ती नव्हती आलेली," तो म्हणाला.

"कोण?"

"मुलांची आई. ती माथेरानला आलीच नव्हती. तेव्हा तिची केमो चालू होती. नौपाड्याला आईकडे होती. केस गळायला लागलेले, मुलांनी बघू नये म्हणून मला म्हणाली, त्यांना चार दिवस कुठेतरी घेऊन जा. मी आणि ताई घेऊन गेलो." ताई म्हणजे त्याची बहीण, मुलांची आत्या.

"आणि स्वेटर?"

"तिचाच. तिनेच दिला ताईला. म्हणाली, तिथे थंडी असते, तुझ्याकडे जाड काही नाही."

व्हरांड्याच्या पत्र्यावर माकडं धावत गेली. मी विचारलं, "मग मुलीला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगणार? आई गेली त्याच्यानंतर दीडदोन वर्षांनी कधीतरी ती हे बोलायला लागली. आधी मला वाटलं, लहान आहे, गोंधळ होतोय. एकदा सांगायला गेलो होतो. तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही विसरलात. एवढ्या खात्रीने म्हणाली की..." मग म्हणाला, "म्हणून मी तिथे नको म्हणत होतो. बघ, कसं करायचं ते तू बघ."

फोन ठेवल्यावर मी तिथेच उभी राहिले. आतून कार्टूनचा आवाज येत होता आणि दोघं कशाला तरी हसत होती. एकाला काही आठवत नव्हतं आणि आठवतंय असं तो म्हणत होता. दुसरीला जे आठवत होतं ते घडलं नव्हतं. ज्याला सगळं माहीत होतं तो घरी राहिला होता. आणि ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिच्याबद्दलची ही सगळी माहिती आता माझ्याकडे येऊन पडली होती. कुणाशी तरी बोलावं म्हणून मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. मावसबहिणीच्या नावाशी थोडा वेळ थांबले, आणि फोन बंद करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आम्ही दुसऱ्या बाजूच्या पॉइंटकडे निघालो. ही वाट तशी सामसूम होती. मध्येच एखादा घोडेवाला खाली मान घातलेला घोडा घेऊन जायचा, की परत शांतता. मुलगी दोन्ही बाजूंना बघत चालत होती. मी मनात म्हणत होते की झाड सापडू नये. मग वाटलं, सापडावं. सापडलं नाही तर तिचा विश्वास डळमळेल, आणि तो डळमळावा असं मला वाटत होतं की नव्हतं, हेच मला कळत नव्हतं.

एका वळणावर ती थांबली. वाटेच्या कडेला मोठं झाड होतं, पावसाने खालची माती वाहून गेलेली, आणि एक जाड मूळ जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आडवं गेलेलं. त्याच्या पुढे आता लोखंडी कठडा होता. ती जवळ गेली, मुळावर हात ठेवला, मागे सरून पाहिलं.

"कठडा नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली. "पण तो नंतर लावला असेल." मग भावाकडे वळून, "हेच ना रे?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. "हेच," तो म्हणाला.

पण आज तिचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुला काय वाटतं?"

दीड वर्षात पहिल्यांदा ती मला तू म्हणाली होती. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. माझ्या मनात किती दिवस होतं की असा शब्द तिच्या तोंडून आला तर मला आनंद होईल. तो आला तेव्हा आनंदाला जागा नव्हती. ती साक्ष मागत होती, आणि मी सोडून तिथे कुणीही खरी साक्ष देऊ शकलं नसतं.

"असेल," मी म्हणाले. "बसायला जागा तर आहे."

ती मुळावर बसली. भाऊ तिच्या शेजारी बसला. मी समोर कठड्याला टेकून उभी राहिले. आणि ती सांगायला लागली, या वेळी भावाला नाही, मला. आई इथे बसलेली, मी तिच्या पुढ्यात खाली. तिने दातात रबर धरलेलं. कंगवा बोचला की ती "झालं हं, झालं" म्हणायची. तिच्या हातांना कसला तरी वास यायचा, बहुतेक हिंगाचा. ती रिकाम्या रस्त्यावर चालताना माझं बोट न धरता मनगट धरायची. झोपताना पाय पोटाशी घ्यायची. कुणी रागावलं की आधी हसायची आणि मग रडायची. बाबांशी भांडण झालं की कपाट आवरायला काढायची.

मी ऐकत राहिले. यातलं माथेरानला घडलं नव्हतं, पण हिंग खरा असणार, मनगट खरं असणार. इतक्या दिवसांत त्या घरात मला कुणी ही बाई सांगितली नव्हती. हॉलमधल्या फोटोला पहिल्यांदा हात-पाय फुटत होते, आवाज येत होता. मला ती आवडायला लागली होती. कपाट आवरण्याचं ऐकून तर मला हसू आलं, कारण मी तेच करते. आणि जितकी ती जवळ येत होती, तितकी मी त्या तिघांपासून आणखी एक पाऊल मागे गेल्यासारखं वाटत होतं. कठड्यामागे दरी होती. खालून कुठल्यातरी वाडीतला कोंबडा आरवलेला ऐकू येत होता.

सांगून झाल्यावर ती उठली आणि ड्रेस झटकला. लाल माती गेली नाही. "फोटो काढायचा का?" मी विचारलं. ती म्हणाली, "नको. मला आहे लक्षात."

परतीच्या वाटेवर तिने बाजारातून बाबांसाठी चिक्की घेतली आणि भावाला चामड्याच्या चपला घ्यायला लावल्या. ती छान मूडमध्ये होती. दस्तुरीपर्यंत त्या दोघांनी दगड लाथाडत शर्यत लावली. घरी आल्यावर नवऱ्याने मुलं झोपायला गेल्यावर विचारलं, "सांगितलंस?" मी नाही म्हणाले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंस." मला त्याचा थोडा राग आला. बरं केलं की वाईट, हे ठरवायचं काम तो माझ्यावर टाकून मोकळा झाला होता, आणि आता मला शाबासकी देत होता. मी बॅगेतले मातकट कपडे बादलीत भिजवले.

संक्रांतीला मुलांची आत्या ठाण्याहून तिळगूळ घेऊन आली. दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच येत होती. मुलीने तिला पाणी आणून दिलं आणि तिच्या शेजारी बसून माथेरानचं सगळं सांगायला लागली. झाड सापडलं. आईने माझ्या वेण्या घातल्या ना, तेच. कठडा आहे आता तिथे. "आत्या, तू होतीस ना तेव्हा?" ती म्हणाली. "तू कुठे होतीस गं? तू मला आठवतच नाहीस."

नवरा खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबले. आत्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. मग ती भाचीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी असेन गं मागे कुठेतरी. सामान सांभाळत."

चहा पिऊन ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. मी काही विचारलं नव्हतं. तिची तीच हळू आवाजात म्हणाली, "वेण्या मी घातल्या. ती माझ्या पुढ्यात बसलेली, पाठ माझ्याकडे. तिला फक्त स्वेटरच्या बाह्या दिसत असणार. मी मागे रडत होते. आवाज येऊ नये म्हणून दातात रबर धरलेलं. चुकून तिने मागे वळून बघू नये म्हणून सारखी म्हणत होते, झालं हं, झालं."

मी तिला पाण्याचा ग्लास दिला. ती प्यायली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "असू दे. तिची आहे ना वेणी, तिच्याकडेच राहू दे." मग जरा वेळाने, जाताजाता विचारावं तसं, "तुझं बरं चाललंय ना?"

मी हो म्हणाले.

तिला रिक्षापर्यंत सोडायला मी खाली गेले. रिक्षा वळून दिसेनाशी झाली. सोसायटीच्या आवारात मुलं पतंगाचा गुंता सोडवत होती आणि वॉचमन त्यांना शिव्या घालत होता. मला लगेच वर जावंसं वाटलं नाही. पार्किंगमधल्या बाकावर मी बसले. त्या घरातलं प्रत्येकजण दुसऱ्याला जपून बोलत होतं, आणि कोण कुणापासून काय जपतंय हे पूर्ण माहीत असलेली मी एकटी होते. ते कधी, कुणाला सांगावं लागेल, की सांगावं लागणारच नाही, मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

जिन्यावरून धाकटा उतरत आला. "मावशी, बाबा विचारतायत, जेवायला काय आहे?"

"पिठलं-भात. तू हो पुढे, मी आले."

तो गेला नाही. बाकावर माझ्याशेजारी चढून बसला आणि पाय हलवत पतंगवाल्या मुलांकडे बघत राहिला.